मेंदी आपली, ढंग तिचा

मॅडोनाचा ‘रे ऑफ लाइट’ अल्बम १९९८ साली आला. त्यातील संस्कृत उच्चारांसाठी तिला वाराणसीच्या वागीश शास्त्रींनी फोनवरून मार्गदर्शन केले होते. ‘फ्रोझन’ या गाण्याच्या चित्रफितीतला काळा पायघोळ पोशाख व हातांवरची मेंदी अनेकींना भावली.

वाळवंटात शोभणारा तो घेर पेशवे घराण्यातील अमृतरावांच्या वाराणसीतील घाटावर मात्र पायांत अडकेल. तिथल्या पायऱ्यांसाठी साधा काळा सलवार-कुर्ता व सपाट चपला घाला. हातांवर मेंदी, खांद्यावर बनारसी ओढणी पुरे. अत्तर आधी लावा. ओढणीवर फवारल्यास जरीकाम काळवंडते.

ओढणीसाठी आईचा शालू मात्र कापू नका. कापलेला शालू पुन्हा नेसता येत नाही.