बिअर, बँड आणि आत्याचा हिशोब

परवा रात्री झोपायच्या बेतात होतो तर भाच्याचा मेसेज आला. सोबत आठ-दहा फोटो. भाचा इंग्लंडमध्ये असतो, एका खेड्यात. (हो, तिकडेही खेडी असतात आणि आपली मुलं तिथेही पोचलीत.) फोटोत हिरवंगार मैदान, पांढरा तंबू, तंबूत ओळीने मांडलेली बिअरची पिंपं, आणि एका बाजूला गिटार-ढोल घेऊन गाणारी चार पिकल्या केसांची माणसं. पैशांची पेटी सांभाळायला एक आजीबाई. त्यांच्याही हातात अर्धा ग्लास!

खाली लिहिलं होतं, "मामा, आमच्या गावचा बिअर आणि संगीत महोत्सव. सगळा नफा हेलिकॉप्टर रुग्णवाहिकेला."

तिकडे ही हेलिकॉप्टर रुग्णवाहिका मुख्यतः लोकांच्या देणग्यांवर चालते. त्यामुळे गावोगावी असे कार्यक्रम होतात. कुठे चर्चच्या छपरासाठी, कुठे शेवटच्या आजारातल्या रुग्णांच्या सेवाघरासाठी. पेला विकत घ्यायचा, गाणी ऐकायची, गप्पा मारायच्या, घरी जायचं. मला तर बघूनच आवडलं.

पण खरा बॉम्ब पुढच्या मेसेजमध्ये होता. "मामा, डिसेंबरात येतोय. आपल्या गावात करू या? शाळेतल्या मुलींच्या संडासाचं काम पैशासाठी अडलंय ना? एका संध्याकाळीत निघेल."

आपलं गाव म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातलं. कापूस, तूर, सोयाबीन, आणि पाऊस आला तर आला.

आता खरं सांगायचं तर मी काही माळकरी नाही. नागपूरला शिकत असताना बिअर प्यायलोय, आजही वर्षातून दोनदा मित्र जमले की घेतो. त्यामुळे "शिव शिव!" म्हणायचा मला अधिकार नाही. मी आधी कायद्याचाच विचार केला. एका दिवसाचा परवाना काढावा लागेल. बिअरला वय २१, कडक दारूला २५. शिवाय आपल्याकडे कागदोपत्री पिणाऱ्यालाही परवाना लागतो, आणि तो मिळतो प्रकृतीच्या रक्षणासाठी! दारूबंदीचा १९४९ चा कायदा अजून लागू आहे, त्याची ही गंमत. पण हे सगळं जमण्यासारखं होतं.

दुसऱ्या दिवशी आत्याकडे गेलो होतो. तिला फोटो दाखवले. तिने चष्मा पुसून ते नीट पाहिले, त्या आजीबाईंचा तर मोठा करून पाहिला. मग भाच्याचा बेत सांगितला. आत्या हसली नाही, चिडलीही नाही. एवढंच म्हणाली,

"पेलेल्या मानसाच्या खिशातला पैसा त्याचा नसते बापू. त्याच्या बायकोचा असते."

नातेवाईक मंडळी हे वाचतात, त्यांना आत्याच्या यजमानांचं सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. माणूस वाईट नव्हता. गळा तर असा, की भजनाला बसले की बाहेरगावची माणसं थांबायची. पण कापसाचा चुकारा हातात पडला की पाय घराकडे वळायचे नाहीत. बैलांना वाट पाठ होती म्हणून बंडी रात्री घरी यायची.

आणि पिऊन ते फार उदार व्हायचे. सप्त्याची वर्गणी असो की देवळाचं काम, सगळ्यात मोठा आकडा त्यांचा. १९८० च्या सुमाराला एकदा भर बैठकीत त्यांनी ५०१ रुपये सांगितले. टाळ्या पडल्या. सकाळी त्यांना काही आठवत नव्हतं, पण मंडळाच्या वहीत आकडा लिहिलेला होता. ते पैसे आत्याने फेडले. दुसऱ्यांच्या वावरात निंदण करून, तीन हप्त्यांत. देवळाच्या भिंतीवर देणगीदारांची यादी आजही आहे. त्यात नाव त्यांचं आहे.

मी हे लहानपणापासून ऐकत आलोय. पण त्या भाच्याच्या फोटोशेजारी ठेवून कधी पाहिलं नव्हतं.

तुम्ही म्हणाल, बिअर आणि देशी दारू एक कशी? आणि दोन पेल्यांनी कोण रस्त्यावर आलंय? बरोबर आहे. इंग्लंडमध्येही दारूने घरं मोडतात, आणि तरी त्या मैदानावर काही वाईट घडत नव्हतं, हेही खरं. फरक मला त्या पेटीवाल्या आजीबाईंमध्ये दिसतो. त्या तिथे बसलेल्या आहेत. आपल्या गावात तोच तंबू ठोकला तर निम्मं गाव तिथे येणारच नाही. ते घरी दाराकडे कान लावून बसेल.

या निम्म्या गावाचं म्हणणं काय आहे हे काही गुपित नाही. आपल्या राज्यात गावातलं दारूचं दुकान बंद करायचं तर महिलांचं मतदान घेता येतं. एकूण महिला मतदारांपैकी २५ टक्के बायकांनी अर्ज करायचा, मग मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली. आडव्या बाटलीला एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात. म्हणजे जी बाई मजुरी बुडेल म्हणून आली नाही, तिची गैरहजेरीही उभ्या बाटलीच्याच कामी येते. असं असूनही बायका हे करतात. आपल्या जिल्ह्यात 'स्वामिनी'च्या बायकांनी तर अख्ख्या जिल्ह्याच्या दारूबंदीसाठी मोर्चे काढले.

सरसकट बंदीने प्रश्न सुटतो असं मात्र मला वाटत नाही. शेजारच्या चंद्रपुरात २०१५ मध्ये बंदी आली आणि २०२१ मध्ये उठली. मधल्या काळात दारू गेली नाही, चोरवाटेने आली. त्यामुळे माझं म्हणणं दारू असावी की नसावी हे नाहीच. माझं म्हणणं फक्त त्या पेटीबद्दल आहे.

नशा, गाणं आणि पैसे गोळा करणं आपल्याकडे नाही असंही नाही. आपल्या भागातल्या बंजारा तांड्यांवरची होळी पाहा. डफ, लेंगीची गाणी, गोल धरून नाचणाऱ्या बायका, आणि दारूही. रस्त्याने जाणाऱ्याला अडवून फाग मागतात. मीही दिलाय, हसत हसत. पण तिथे कोणी "आमच्या पिण्याने जगाचं भलं होतं" असं म्हणत नाही. तो सण आहे, वर्षातून एकदा येतो, आणि गाण्यात आणि फाग मागण्यात बायका पुढे असतात.

पिण्याला पुण्याचा शिक्का बसला की मला भीती वाटते. सरकारचंच बघा ना. जून २०२५ मध्ये राज्याने विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क वाढवलं, वर्षाला १४ हजार कोटी जास्तीचे येतील असा अंदाज सांगितला. बिअर आणि वाइन तेवढ्या सुटल्या. लाडक्या बहिणींचे दरमहा १५०० रुपये आता यातून निघणार, असं लोक लगेच बोलू लागले. सरकारचा खरा हिशोब मला ठाऊक असायचं कारण नाही. पण आत्याला विचारलंत तर ती म्हणेल, बहिणीच्याच डब्यातले काढून बहिणीलाच ओवाळणी!

आणि गाण्यातून पैसा उभा करायला आपल्याला इंग्लंडला जायची गरजच काय? शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा डेबूजी. त्याचा बाप दारूने गेला. त्या पोराने पुढे स्वतःच्या लेकीच्या बारशाला रिवाजाची दारू आणि मटण टाळून जातवाल्यांना गोड जेवण घातलं. लोक नाराज झाले. तेच पुढे गाडगेबाबा. हातात झाडू, दिवसा गावाची सफाई, रात्री कीर्तन. त्यांच्या शब्दावर लोकांनी पैसे दिले आणि पंढरपूर, नाशिकसारख्या ठिकाणी धर्मशाळा उभ्या राहिल्या. १९५६ मध्ये ते गेले. आजही मुंबईत दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत टाटा रुग्णालयात येणारे रुग्ण उतरतात. गाण्याने आणि बोलण्याने जमलेला पैसा, आणि देणारा शुद्धीवर!

असो. भाच्याला काल लिहिलं. म्हटलं, ये. तंबू ठोकू, गाणी ठेवू. भजनी मंडळ आहे, तांड्यावरच्या बायकांना बोलावू, तुझी गिटारही आण. चहा आणि भजी विकू. पैसे कमी जमतील, दोन वर्षं लागतील. पण पेटीवर गावातलीच एक बाई बसेल. तुला बिअर प्यायचीच असेल तर आपण दोघं नागपूरला जाऊ, बिल मी देईन, आणि त्याला कोणतंही सत्कार्य म्हणायचं नाही.

त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. बहुतेक रुसलाय.

आत्याला मात्र हे सांगितलं. ती आत गेली आणि निराधारच्या पैशातले २०० रुपये घेऊन आली. मी म्हटलं, अगं अजून काही ठरलं नाही, राहू दे. तर म्हणाली, "लिवून ठेव. अन् नाव माह्यं लिवजो."