टाके निघाल्यानंतर
गाईच्या पोटातलं प्लास्टिक काढायला डाव्या भकाळीत छेद घेतात. गाय बहुधा उभीच असते, तेवढाच भाग बधिर केलेला. डॉक्टरांचं काम त्याच दिवशी संपतं; जखम भरते ती गोठ्यात, आणि तिथेच आपण कमी पडतो. पहिल्या दोन-तीन दिवसांची थोडी सूज हा भरण्याचाच भाग. पण पू, दुर्गंधी किंवा माशी घोंगावताना दिसली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा. जखमेवर चुलीतली राख मुळीच नको. टाके १० ते १४ दिवसांत निघतात. तीन आठवड्यांच्या जखमेत मात्र मूळ कातडीच्या जेमतेम २० टक्के बळ आलेलं असतं. शेजारच्या जनावराच्या शिंगाची एक ढुशी पुरे! म्हणून तिला आणखी काही आठवडे कोरड्या जागी, वेगळी बांधा, ही कळकळीची विनंती.