छंदाला जागा

मुलांस खेळणें आणून देणें सोपें. तें मांडून ठेवण्यास घरांत जागा देणें अवघड. ज्यांच्या घरीं माणसें दहा-पंधरा आणि पाहुण्यांची ये-जा नित्याची, त्या आमच्या वाचकांस हें सहज पटेल. चिमुकल्या आगगाड्यांचा छंद आम्हांस बाळपणीं जडला तो आजतागायत सुटलेला नाहीं. तो टिकला कसा याचा विचार करतां, श्रेय खेळण्यापेक्षां जागेकडेच अधिक जातें.

असल्या गाड्यांचा इतिहास जुना आहे. जर्मनींतील मेर्क्लिन कारखान्यानें १८९१ सालीं लाइपझिगच्या जत्रेंत रुळांवरील गाडी मांडली आणि रुळांचीं ठराविक मापें रूढ केलीं. त्यामुळें आज एक डबा, पुढील वर्षीं दुसरा, असा संसार वाढवितां येऊं लागला. लिव्हरपूल येथें फ्रँक हॉर्नबी यांनीं १९२० सालीं चावीच्या गाड्या विक्रीस आणल्या.

आमच्या घरची गाडीही चावीचीच होती. दोन रुळांतील अंतर ३२ मिलिमीटर. रूळ माजघरांत मांडावे, तों पानें घेण्याची वेळ होई आणि सर्व उचलावें लागे. रोजच्या उचलाउचलीनें सांधे सैल होत व गाडी घसरे.

एकदां आम्हां भावंडांस घाट बांधण्याची हौस आली. जुन्या मासिकांचे गठ्ठे रचून चढ केला. एंजिन अर्ध्यावर थबकलें. आजोबा झोपाळ्यावरून म्हणाले, “अरे, बोरघाटांत सदतीस फुटांमागें एक फूट चढ, आणि तुमचा पांचांमागें एक! शिवाय तेथें कर्जतला मागून एंजिनें जोडतात.” हिशेब केला. चार इंच उंचीच्या पुलास १४८ इंच, म्हणजे बारा फुटांहून अधिक लांबी हवी! एवढा घाट माजघरांत कोठें राहणार?

प्रश्न वडीलधाऱ्यांपुढें गेला. काका म्हणाले, “माडी धान्याला पुरत नाहीं, ती खेळासाठीं अडवायची?” निकाल आजीनें दिला. “खिडकीकडची बाजू मुलांची. तिथला केर तींच काढतील. आणि ताईला कुणी भाजी निवडायला म्हणून तिथून उठवायचं नाहीं. गाड्यांचं वेळापत्रक तिच्याकडे आहे.” काकांनीं दुसऱ्याच दिवशीं पोतीं स्वतः सरकविलीं.

त्या कोपऱ्यानें आम्हांस जें दिलें, तें एंजिनानें दिलें नव्हतें. काल अडलेलें काम आज तेथूनच पुढें नेतां येई. कोणता सांधा उचलला आहे, कोठें चढ एकाएकीं वाढतो, हें शांतपणें पाहतां येई. घाटास दोन महिने लागले. परंतु गाडी वर चढली तेव्हां टाळी प्रथम काकांची पडली. रोज मोडणाऱ्या खेळांतून करमणूक होते; चिकाटी अंगीं येण्यास कालचें काम आज जागेवर सांपडावें लागतें.

पुण्यास कोथरूड येथें भाऊ जोशी यांनीं १९९८ सालीं खुलें केलेलें चिमुकल्या रेल्वेचें संग्रहालय मुलांस अवश्य दाखवावें. बाळपणींची आवड आयुष्यभर जोपासली तर केवढी होते, तें तेथें दिसतें.

आतां वाडे गेले, माड्या गेल्या, हें खरें. परंतु गाड्याही लहान झाल्या आहेत. १:८७ प्रमाणाच्या गाडीचे रूळ अवघे १६.५ मिलिमीटर रुंदीचे असतात आणि तिचें लहानसें वर्तुळ पाऊण मीटर व्यासांत बसतें. तीन फूट रुंद व चार फूट लांब अशी फळी खाटेखालीं सरकवितां येते; वरचे रूळ उचलावे लागत नाहींत. गाडीच असावी असेंही नाहीं. कोणास शिंपले आवडतील, कोणास यंत्रांचे सुटे भाग. वडील मंडळींनीं एवढेंच करावें कीं, ती फळी एकदां मुलांची म्हटली म्हणजे पाहुणे आले तरी तिच्यावर गाद्या रचूं नयेत. आणि घरांतील मुलीचा वांटाही तिच्यावर तितकाच धरावा.