फ्रिज नंतर, जॅकेट आधी

मुंबईत भाड्याने मिळणाऱ्या यॉटच्या जाहिराती बघा: एसी केबिन, ब्लूटूथ स्पीकर, बर्फ, रंगीत दिवे. ‘मस्ट-हॅव’ म्हणे! लाइफ जॅकेट? असेल कुठेतरी सीटखाली. फोटोत ते चांगलं दिसत नाही ना!

अभिलाष टॉमीने २०२३ मध्ये गोल्डन ग्लोब शर्यत २३६ दिवसांत पूर्ण केली. एकट्याने, कुठेही न थांबता. या शर्यतीत जीपीएस वापरायला बंदी. सूर्य-ताऱ्यांवरून आपली जागा शोधायची. पण जीवरक्षक तराफा आणि संकटसंदेश धाडणारा बीकन मात्र सक्तीचा! २०१८ च्या शर्यतीत वादळाने त्याच्या बोटीची डोलकाठी मोडली, पाठीला जबर इजा झाली. तेव्हा कामी आला तो बीकन. गरज आणि चैन यांतली रेघ ही अशी असते.

पार्टी करा, गाणी लावा, कोण अडवतंय? पण बॅटरी बसली की फ्रिज आणि स्पीकर निव्वळ ओझं. किनारा लांब गेला की फोनची रेंजही जाते. मग उरतं ते अंगावरचं जॅकेट. अंगावरचं, सीटखालचं नव्हे.

बुकिंग करताना आधी विचारा, ‘माझ्या मापाचं जॅकेट आहे का?’ बोटवाला हसला, तर दुसरी बोट बघा.