शंभर नंबरी चौसष्ट

'शुद्ध' या शब्दाची मला लहानपणापासून धास्ती आहे. दुकानावर 'शुद्ध तूप' अशी पाटी दिसली की मला तुपाचा संशय येतो, आणि 'शुद्ध बोला' असं कुणी म्हटलं की माझ्या तोंडातून शब्द फुटत नाही. ज्याच्या घरी खरोखरच लोणी कढतं तो दारावर पाटी लावत नाही, हा माझा अनुभव.

आता हा शब्द संगणकातही शिरला आहे. संगणकावर नवी ऑपरेटिंग सिस्टिम, विशेषतः लिनक्स, टाकायची म्हटलं की प्रश्न येतो: शुद्ध चौसष्ट बिटांची टाकायची, की जुन्या बत्तीस बिटांच्या प्रोग्रामनाही कोपऱ्यात जागा देणारी मिश्र? जाणकार तरुण मंडळी 'मिश्र' हा शब्द दुधात पाणी घातल्याच्या सुरात उच्चारतात. या मंडळींशी माझं उघड भांडण आहे.

भानगड थोडक्यात अशी. बत्तीस बिटांच्या हिशोबात मेमरीची ४,२९,४९,६७,२९६ घरं मोजता येतात, म्हणजे चार जीबी. एके काळी एवढ्यात सगळा गाव मावत होता, पुढे मावेना. २००१ साली इंटेलने इटेनियम नावाचा चौसष्ट बिटांचा प्रोसेसर आणला. घडण संपूर्ण नवी, सोवळ्यातली. जुने प्रोग्राम त्याच्यावर रखडत चालायचे. २००३ साली एएमडीने आपला चौसष्टवाला काढला, पण जुने प्रोग्राम त्याच्यावर जसेच्या तसे धावतील अशी सोय ठेवून. निकाल काय लागला? वर्षभरात इंटेललाही एएमडीचीच घडण उचलावी लागली, आणि इटेनियमची शेवटची खेप २०२१ मध्ये निघून गेली. म्हणजे ज्या प्रोसेसरच्या जिवावर ही पोरं शुद्धतेची प्रवचनं झोडतात, तो स्वतःच जन्मजात मिश्र आहे!

आमच्या नरडाण्याला स्टेशनच्या वाटेवर आबांचं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान आहे. सुट्टीला आलेल्या माझ्या भाच्याने परोपकाराच्या भरात आबांच्या संगणकावर शंभर नंबरी चौसष्टवालं लिनक्स टाकलं. "मामा, सगळा कचरा साफ केला!" असं तो मला म्हणाला. त्या कचऱ्यात आबांचा प्रिंटर गेला. प्रिंटर ठणठणीत होता. पण त्याला चालवणारा प्रोग्राम कंपनीने बत्तीस बिटांतच दिलेला, आणि पुढे कंपनीने त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. काउंटरवर पीकविम्याचे अर्ज, शिष्यवृत्तीचे कागद आणि हळदीच्या कार्यक्रमाची पत्रिका, सगळे रांगेत उभे. भाच्याने तो प्रोग्राम हाताने चालवून पाहिला, तर मशीन इंग्रजीत म्हणालं, अशी फाईलच नाही. फाईल तर समोर दिसतेय! नाव, आकार, तारखेसकट. आबा म्हणाले, "भो, मन्हा डोया फुटनात का हाई मशीन आंधयं से?"

आबांचे डोळे फुटलेले नव्हते. गंमत अशी, की नसते ती फाईल नव्हे. बत्तीसवाल्या प्रोग्रामला उचलून मेमरीत बसवणारा एक छोटा मदतनीस नसतो. पण मशीन तसं सांगत नाही. पाहुणा ओट्यावर उभा, त्याची भाषा कळणारा घरात कुणी नाही, आणि घरचे आतून ओरडतात, "असा कुणी पाहुणाच आलेला नाही!"

"मग आबांनी नवा प्रिंटर घ्यायचा," भाचा म्हणाला. शुद्धतेचा खर्च नेहमी दुसऱ्याच्या खिशातून होतो तो असा. शेवटी मिश्र सिस्टिम टाकली आणि प्रिंटर कुरकुरत कामाला लागला.

शुद्धिवाद्यांचं म्हणणं अगदीच पोकळ आहे असं नाही. मिश्रामध्ये लायब्ऱ्यांचे दोन संच सांभाळावे लागतात, अपडेट दुप्पट, आणि चोराला शिरायला एक खिडकी जास्त. कबूल. पण डेबियनने २०१३ पासून दोन्ही संचांना दोन वेगळी कपाटं करून दिली आहेत. भांड्याला भांडं लागत नाही. जेंटूचं मार्गदर्शक पुस्तक तर नवशिक्याला बजावतं, की नडल्याशिवाय शुद्धाच्या वाटेला जाऊ नका, तिथून मिश्रात परत येणं मुरलेल्या माणसाचं काम आहे. २०१९ च्या जूनमध्ये उबुंटूने बत्तीसला निरोप द्यायचं जाहीर केलं. जुने खेळ आणि जुने प्रोग्राम वापरणाऱ्यांनी असा गलका केला, की आठवड्याभरात त्यातली निवडक पॅकेजेस ठेवायचं कबूल करावं लागलं. ॲपलने मात्र त्याच वर्षी ऑक्टोबरात बत्तीसला दार बंद केलं. गलका करणाऱ्याने नवं विकत घ्यावं, ही तिथली रीत!

शिवाय बत्तीस अमरपट्टा घेऊन आलेलं नाही. त्याच्या जुन्या घड्याळाचे आकडे १९ जानेवारी २०३८ ला संपतात. डेबियनने २०२५ मध्ये त्याचं वेगळं बिऱ्हाड मोडलं, पण चौसष्टच्या वाड्यात म्हाताऱ्याला माडीवर एक खोली ठेवली. याला म्हणतात रीतभात.

आम्हा खानदेशी माणसांना 'मिश्र म्हणजे भेसळ' हे पटणं तसं कठीणच. आमची कळण्याची भाकरी ज्वारीत उडीद मिसळल्याशिवाय होत नाही. आमच्या अहिराणीत मराठी, गुजराती, हिंदी एका पंगतीला बसतात. आमच्या गावावरून जाणाऱ्या मुंबई-आग्रा रस्त्यावर चौदा चाकी ट्रकच्या मागे बैलगाडीही जाते, आणि दोघांनाही पोचायचं असतं.

तेव्हा तरुण मित्रांनो, दुसऱ्याच्या संगणकाला हात लावण्याआधी मालकाला एवढंच विचारा: तुमचं जुनं काय काय चालायला हवं? "काहीच नाही" म्हणाला, तर खुशाल शुद्ध टाका. कोऱ्या सर्व्हरला ते शोभूनही दिसतं. पण तो जर घुटमळला, खुर्चीवरून उठला आणि कपाटातून एखादं धुळकट यंत्र काढून फडक्याने पुसायला लागला, तर मुकाट्याने मिश्र टाका. आणि चहा घेतल्याशिवाय उठू नका. तो मात्र शुद्ध दुधाचा मागा.