पाठ्यपुस्तकाचा सेवक

कालप्रवासाच्या साहसकथांविषयी आपल्याकडे गंभीरपणे लिहिले जात नाही. हाँगकाँगचे लेखक ह्वांग यी (१९५२–२०१७) यांची ‘शुन छिन ची’ – अर्थात ‘छिनचा शोध’ – ही नव्वदच्या दशकातील कादंबरी मात्र केवळ करमणूक म्हणून बाजूला सारणे आम्हांस योग्य वाटत नाही. २००१ सालच्या दूरचित्रवाणी मालिकेने ती घरोघर नेली.

एकविसाव्या शतकातील सैनिक श्यांग शाओलोंग छिन सम्राटाचा राज्यारोहण सोहळा पाहण्यासाठी भूतकाळात पाठवला जातो आणि काही वर्षे आधीच, चाओ राज्यात जाऊन पडतो. तलवारी, कारस्थाने, प्रेमप्रकरणे (ही अंमळ जास्तच) सारे यथासांग घडते. पुढे त्याला कळते की, भावी सम्राट यिंग चंग हयातच नाही. तेव्हा इतिहास कोसळू नये म्हणून तो चाओ पान या आपल्या शिष्यालाच यिंग चंग म्हणून उभा करतो. ही कल्पना वाटते तितकी स्वैर नाही. सम्राटाचा खरा पिता ल्यू बुवेई हा व्यापारी होता, ही कथा सिमा छ्यानच्या इतिहासग्रंथातच आहे. आधुनिक अभ्यासक ती संशयास्पद मानतात, एवढेच.

जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’मध्ये विश्वासरावांना लागणारी गोळी चुकते आणि इतिहास वेगळ्या वाटेने जातो. ह्वांग यींचा नायक नेमके उलट करतो. वाट मोडलेली असताना तो ती खटपटीने दुरुस्त करतो. इ.स.पू. २२१ मधील एकीकरण त्याला ठाऊक आहे, तसेच २१३ मधील ग्रंथदहनही. तरीही ‘असे घडलेच होते’ या एका सबबीवर तो स्वतःला जबाबदारीतून मोकळे करतो. शिष्य हळूहळू सम्राट होत जातो आणि आपले जन्मरहस्य जाणणाऱ्या गुरूवरच उलटतो, ती प्रकरणे आम्हांला सर्वांत समर्थ वाटली. पण तेथेही लेखक नायकाला सुखरूप निसटू देतो. वर त्याचा दत्तक पुत्र म्हणजेच पुढे छिन सत्ता उलथवणारा श्यांग यू, अशी कोपरखळी मारून वाचकाला खूष करतो.

२०११ साली चीनमधील दूरचित्रवाणीच्या नियामकांनी कालप्रवासाच्या मालिकांवर इतिहासाशी खेळ केल्याचा ठपका ठेवला. या कादंबरीचा दोष आमच्या मते अगदी विरुद्ध आहे. ती इतिहासाची फार आज्ञाधारक आहे. इ.स.पू. २२८ मध्ये चाओची राजधानी हानदान पडली. सिमा छ्यान सांगतो की, यिंग चंग स्वतः तेथे गेला आणि आपल्या मातृकुळाशी वैर धरलेल्यांना त्याने जिवंत पुरले. कादंबरीतला चाओ पान तर त्याच नगरात वाढलेला मुलगा. त्याला सिंहासनाकडे नेताना श्यांग शाओलोंगला हानदानची आठवण का झाली नसावी?