आधी सीटी, मग स्टेंट

दुखत काहीच नाही, पण डोळे पिवळे, अंगाला खाज आणि वजन उतरलेले. असा साठीचा रुग्ण आला, सोनोग्राफीत पित्तनलिका फुगलेली दिसली, की सगळ्यांचीच घाई सुरू होते. बिलिरुबिन चढत असते, नातेवाईक दाराशी उभे असतात. मग ईआरसीपी करून स्टेंट टाकला जातो आणि सीटी पुढच्या आठवड्यावर ढकलला जातो. हा क्रम उलटा आहे. फुगलेली नलिका जिथे अचानक तुटते, तीच गाठीची खूण. स्टेंटने नलिका रिकामी झाली की ती खूण पुसट होते. धातूचा स्टेंट असेल तर चित्रावर रेघोट्या उमटतात त्या वेगळ्याच. त्यात ईआरसीपीनंतर स्वादुपिंडाला सूज आली, तर सुपीरियर मेसेंटेरिक धमनीला गाठ भिडली आहे की नुसती सूज, हे छातीठोकपणे सांगता येत नाही. आणि सर्जनला नेमके तेच हवे असते. कोलांजायटिस असेल तर अर्थातच निचरा आधी.

चिठ्ठीवर नुसते ‘सीटी अ‍ॅबडोमेन’ लिहिले, तर बहुधा नेहमीची पोर्टल फेजच मिळते. गाठ शोधायची असेल तर कॉन्ट्रास्ट सोडल्यावर ४०-४५ सेकंदांची पँक्रिअ‍ॅटिक फेजही हवी: ग्रंथी उजळते, अ‍ॅडेनोकार्सिनोमा काळसर राहतो. तोंडावाटे पांढरे कॉन्ट्रास्ट नको, साधे पाणी पाजावे. तरीही काही गाठी ग्रंथीच्याच छटेत मिसळून जातात. नलिका तुटलेली आहे आणि गाठ सापडत नाही, तर एन्डोस्कोपिक सोनोग्राफी करावी. २ सेंमीहून लहान गाठीत ती सरस, शिवाय त्याच बैठकीत सुईने नमुनाही घेता येतो. नलिकांचा नुसता नकाशा हवा असेल तर एमआरसीपी पुरते. निदानापुरती ईआरसीपी करण्याचे दिवस गेले.

अ‍ॅक्यूट पँक्रिअ‍ॅटायटिसमध्येही हीच घाई. ठरावीक दुखणे आणि तिपटीहून जास्त लायपेज, एवढ्यावर २०१२च्या सुधारित अटलांटा निकषांनी निदान पक्के होते. पहिल्याच दिवशी काढलेला सीटी नेक्रोसिस कमी दाखवतो. निदानाची शंका नसेल तर किमान ७२ तास थांबावे. पहिल्या दिवशी सोनोग्राफी हवीच, पण ती पित्ताशयातल्या खड्यांसाठी. त्या रिपोर्टात हमखास एक ओळ असते: ‘आतड्यातील वायूमुळे स्वादुपिंड नीट दिसले नाही.’ फाइलमध्ये मात्र तिचे ‘सोनोग्राफी नॉर्मल’ होते.